डब्यातले पैसे कोणाचे?



काही रविवारांपूर्वी मिस्सा संपल्यावर आम्ही दोघे नवरा-बायको आवारातल्या लिंबाखाली उभे होतो. नेहमीच्या ओळखीच्या चार-पाच भगिनी जवळ आल्या. त्यांच्यातली एक परभणी शहरात तीन घरची धुणीभांडी करते. नवरा मोंढ्यात हमाली करतो. वाईट माणूस नाही, पण हातात पैसा आला की संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तिने हळूच विचारले, "ताई, मी रोजचे दहा-वीस रुपये मालकाला न सांगता ज्वारीच्या डब्यात घालून ठेवते. त्याने विचारले तर नाहीत म्हणते. हे खोटे बोलणे झाले ना? हे पाप आहे का?"

शेजारची दुसरी हसून म्हणाली, "मग आपण सगळ्याच पापी!" सगळ्या हसल्या, पण विचारणारी हसली नाही. तिला खरोखरच उत्तर हवे होते. त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो. घरी आल्यावर मात्र आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, नवऱ्यापासून लपवणे म्हणजे संसारात खोटेपणा आणणे. दुसरीचे म्हणणे, तिने लपवले नाही तर मुलांची फी कोण भरणार? या लेखात तोच वाद आपल्यापुढे ठेवत आहोत. कारण डबा तिच्या घरी असला तरी प्रश्न आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

आमच्या घरचेच सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले. जुन्या नोटा बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. त्या पन्नास दिवसांत किती घरांतले किती डबे उघडे पडले असतील! कुणाचे पैसे साडीच्या घडीत, कुणाचे गोधडीच्या शिवणीत, कुणाचे डाळीच्या डब्यात. आमच्याही स्वयंपाकघरातून पाचशेच्या नोटा बाहेर आल्या. आमच्यापैकी एकाला त्यांची काहीच कल्पना नव्हती. पहिल्या क्षणी राग आला. "माझ्यावर विश्वास नाही का?" हा शब्दही तोंडून गेला. उत्तर मिळाले, "मागच्या वर्षी तुम्ही आजारी पडलात तेव्हा पहिल्या दिवशीचे औषध कुठून आले, ते विचारले होते का?" विचारले नव्हते. औषध आले, एवढेच पाहिले होते.

त्यानंतर आम्हाला एक गोष्ट उमजली. लपवलेला पैसा पाहून आपण आधी लपवणाऱ्याला दोष देतो. तो का लपवावा लागला, हे विचारायला आपल्याला वेळ लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गरिबाने पैसा साठवणे योग्य आहे का? हा प्रश्न काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या लोकांमध्ये असा एक विचार आहे की उद्याची काळजी देव करील, आज आहे ते खावे, दुसऱ्याला द्यावे. जास्त साठवणारा माणूस आपल्याला कंजूष वाटतो. मोठी कोठारे बांधून निवांत बसणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्याच रात्री त्याचा जीव गेला आणि कोठारे तशीच राहिली. मग डब्यात पैसे घालणारी ही बाईही त्याच शेतकऱ्यासारखी आहे का?

आम्हाला तसे वाटत नाही. त्या शेतकऱ्याच्या कोठारात फक्त त्याचाच विचार होता. या बाईच्या डब्यात जूनमधली वह्या-पुस्तके आहेत, सासूच्या डोळ्याचे औषध आहे आणि मोंढा बंद असेल त्या दिवसाचे पीठ आहे. दुसरी गोष्ट योसेफाची. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवला आणि दुष्काळात लोक जगले. साठवणे हेच पाप असते तर योसेफाचे नाव आपण आदराने घेतले नसते. मात्र त्याच गोष्टीत पुढे असेही आहे की कोठारातले धान्य मिळवण्यासाठी लोकांना अखेर आपली गुरे आणि जमिनी राजाला द्याव्या लागल्या. धान्य लोकांनीच पिकवले होते, पण कोठाराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. म्हणून गरिबाच्या घरी स्वतःचा छोटा का होईना, डबा असला पाहिजे आणि त्याची किल्ली त्याच्याच हाती असली पाहिजे.

ज्याच्याकडे हा डबा नसतो त्याचे काय होते, ते आपण रोज पाहतो. आपल्या जिल्ह्यात पैसा एकाच वेळी येतो आणि खर्च बारा महिने असतो. सोयाबीन निघाले, कापूस वेचणीला आला की दोन-तीन महिने हाताला काम असते, चार पैसे दिसतात. उन्हाळ्यात काम नसते आणि नेमकी त्याच वेळी लग्ने येतात. लगेच जूनमध्ये शाळा आणि बी-बियाणे एकत्र दारात उभे राहतात. अशा वेळी दहा हजारांची गरज लागली की माणूस शेकडा पाचाने पैसे घेतो. ऐकायला शेकडा पाच म्हणजे थोडेच वाटतात. पण ते महिन्याचे असतात. महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. दोन वर्षांत बारा हजार व्याज भरले तरी मुद्दलाचे दहा हजार जागच्या जागी! महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात त्याची तक्रार करता येते. पण रात्री लेकराला ताप भरला असताना कायद्याचे कलम कोणाला आठवते? त्या वेळी दार उघडणारा सावकारच देवासारखा वाटतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचेही तसेच आहे. गंगाखेडच्या बाजूची कितीतरी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडतात. उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत अंगात ताप असो वा पोटात बाळ असो, फडात उभे राहावेच लागते. "नाही" म्हणायचा अधिकार घर सोडण्यापूर्वीच विकलेला असतो. म्हणून आम्हाला वाटते की बचतीचा पहिला उपयोग वस्तू घेण्यासाठी नाही. आज मी हे काम करणार नाही, आज मी या व्याजाने पैसे घेणार नाही, माझ्या मुलीची शाळा सोडणार नाही, असे म्हणता यावे यासाठी आहे.

हे दुःख नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरले. सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला. पण खत जाळले तरी गरज जळत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पैसे लागतातच. म्हणून पुढच्या पिढीतल्या काही माणसांनी वेगळी वाट धरली. १९०९ मध्ये रांचीकडे फादर हॉफमन यांनी आदिवासी ख्रिस्ती बांधवांसाठी सहकारी पतसंस्था काढली. आपल्या महाराष्ट्रात वसईला मॉन्सेनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये अशीच संस्था सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. त्यामागचा विचार अगदी साधा होता. एकट्याचे चार आणे कोणाच्या हिशोबात नसतात, पण शंभर घरांचे चार आणे एकत्र आले तर त्यातून एकाचा बैल येतो, दुसऱ्याची विहीर होते आणि व्याज पुन्हा आपल्याच लोकांत राहते. आज आपल्या वस्त्यांमधले महिला बचत गट त्याच वाटेने चालले आहेत. १९९२ पासून नाबार्डने असे गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. त्याआधी बँकेची पायरी न चढलेल्या कितीतरी भगिनी आता पासबुक घेऊन रांगेत उभ्या असतात.

परंतु इथे एक जण उठून म्हणेल, "तुमचे सगळे खरे, पण आमच्या हातात काही उरतच नाही. साठवायचे काय?" या प्रश्नाला टाळू नये. काही घरे खरोखर अशी आहेत की त्यांना बचतीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला कमी खा म्हणण्यासारखे आहे. त्यांच्याविषयी बोलण्याआधी आपल्यापैकी जे दुसऱ्याला कामाला ठेवतात त्यांनी स्वतःला विचारावे. घरकामाच्या बाईचा पगार पाच तारखेऐवजी पंधरा तारखेला देताना आपल्याला काही वाटत नाही. पण त्या दहा दिवसांत ती किराणा उधारीवर आणते आणि उधारीचा माल नेहमी महाग पडतो. तिची बचत आपणच खाल्लेली असते. गवंड्याच्या हाताखालचा मजूर, शेतातला सालगडी, शिकवणी घेणारी मुलगी या सर्वांचे पैसे वेळेवर देणे हे दानधर्माआधीचे काम आहे.

हे मान्य करूनही, ज्यांच्या घरी दोन वेळचे अन्न शिजते अशा बहुतेक घरांत थोडेसे गळतेच. रोज वीस रुपयांची तंबाखू आणि सुपारी म्हणजे वर्षाला सात हजार तीनशे रुपये. दारूचा हिशोब तर ज्याचा त्याने करावा. मोबाइल अजून चालत असताना हप्त्यावर नवा मोबाइल येतो. आम्ही स्वतः एका महिन्यात साध्या वहीवर रोजचा खर्च लिहिला. कोणत्याही एका मोठ्या खर्चात पैसे गेलेले नव्हते. "हे कुठे गेले" असे म्हणावे अशा पाच-दहा-पंधराच्या नोंदींतच ते संपले होते. वही लिहिल्यावर एकमेकांना दोष देणेही कमी झाले, कारण दोघांच्याही नोंदी तिथे होत्या.

आपल्या मराठी मुलखात मुष्टिफंड नावाची एक सुंदर पद्धत होती. घरच्या बाईने दळणाला किंवा शिजवायला धान्य काढले की त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना अशा मुठींचा मोठा आधार झाला. या पद्धतीतले शहाणपण पाहा. जेवण झाल्यावर उरले तर मूठ काढू, असे ती बाई म्हणत नव्हती. तसे म्हटले असते तर मूठ कधीच निघाली नसती. चूल पेटवण्याआधी मूठ बाजूला जात होती आणि उरलेल्यात घर जेवत होते. एका मुठीने कोणी उपाशी राहिले नाही. पगार किंवा मजुरी हातात आल्या दिवशीच दहा-वीस रुपये बाजूला काढणे म्हणजे हीच मूठ होय.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल बोलू. वर्षानुवर्षे मुठीमुठीने साठवलेले एका दिवसात जाते ते लग्नात. हल्ली नामकरण, बाप्तिस्मा आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या जेवणावळीही त्याच वाटेने चालल्या आहेत. मंडप, बँड, फोटोवाला, गोड पदार्थ दोन की तीन? बाप मनातून घाबरलेला असतो, पण "लोक काय म्हणतील" या तीन शब्दांपुढे त्याचे काही चालत नाही. आपण नेहमी त्या बापाला सांगतो की बाबा, कर्ज काढून लग्न करू नको. पण ते "लोक" कोण? ते आपणच आहोत! पंगतीतून उठताना "भाजी जरा बेताचीच होती" असे आपणच म्हणतो. आमचे एक नम्र मागणे आहे. आपल्या धर्मग्रामात ज्यांना मोठे लग्न परवडते त्यांनी आधी साधे लग्न करून दाखवावे. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला गरीब म्हणतात. ऐपत असलेल्याने साधे केले तरच साधेपणाला मान मिळेल.

साठवलेले कुठे ठेवावे, हेही आज नीतीच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे झाले आहे, कारण अज्ञानाने बुडालेला पैसाही लेकरांचाच असतो. पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. समजा, दिवसाला दहा म्हणजे महिन्याला तीनशे रुपये टाकले, तर पाच वर्षांत आपले अठरा हजार जमा होतात. २०२४ साली जाहीर असलेल्या ६.७ टक्के दराने हिशोब केला तर हातात एकवीस हजारांच्या वर रक्कम येते. मुलगी लहान असेल तर २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे. त्यात वर्षाला अडीचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते. बँक बुडाली तर २०२० पासून एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. पण हे लक्षात ठेवावे की हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या मराठवाड्यात अलीकडच्या वर्षांत अनेक घरांची आयुष्यभराची कमाई पतसंस्थांत अडकली. जास्त व्याजाचे आमिष आणि ओळखीचा एजंट, एवढ्यावर त्यांनी विश्वास टाकला होता. सर्वच पतसंस्था वाईट नाहीत. पण कोणी बँकेपेक्षा फार जास्त व्याज देऊ लागला तर तो ते कुठून देणार, हा प्रश्न विचारायला लाजू नये. सर्व पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत.

विमा हीदेखील एक मूठच आहे. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापले जाऊन अपघाताचा दोन लाखांचा विमा मिळतो. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, मात्र त्यात पन्नास वर्षे वयापर्यंतच नाव घालता येते. हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या पालखावर चढणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या घरी हे दोन्ही असावेत. आजारपण आले तर कर्ज काढण्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयात विचारावे.

गटाच्या कर्जाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हप्तेवाले दारात येतात, सही घेतात आणि चार दिवसांत पैसे देतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात उभ्या राहतात. काल एकत्र प्रार्थना करणाऱ्या मैत्रिणी आज एकमेकींशी बोलत नाहीत. एका कंपनीचे फेडण्यासाठी दुसरीचे काढायचे, असे तीन-तीन हप्ते चालू असलेली घरे आम्हाला माहीत आहेत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घरावरच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. पण आपण उत्पन्न फुगवून सांगितले तर नियम आपल्याला कसा वाचवणार? तिथे खोटे बोलण्याची किंमत आपलीच मुले मोजतात.

आता सर्वांत अवघड प्रश्न राहिला. डब्यात पाच हजार आहेत, मुलीच्या फीसाठी ठेवलेले. शेजारीण रडत येते, तिच्या मुलाला दवाखान्यात न्यायचे आहे. काय करावे? भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी आपल्या अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती आणि वेगवेगळ्या जातिधर्मांची होती. ही गोष्ट ऐकली की आपल्या डब्याची लाज वाटते. पण सर्वांनाच लक्ष्मीबाई होता येत नाही. शिवाय त्यांनी दिले ते स्वतःच्या अंगावरचे दिले, मुलांच्या तोंडचे नाही, हेही विसरू नये.

आम्हाला स्वतःला एक साधी वाट सापडली आहे. ती पुरी समाधानकारक नाही, पण सांगतो. मूठ काढताना तिचेच दोन भाग करावेत. मोठा भाग घराचा, छोटा भाग दाराशी येणाऱ्याचा. दहापैकी आठ आणि दोन. हे दोन आधीपासूनच आपले नाहीत असे ठरवले की देताना मनाची ओढाताण होत नाही आणि मुलीची फीही मोडत नाही. जे द्यायचे ते परत येणार नाही असे समजून द्यावे, म्हणजे मैत्री टिकते. जेवढे देता येत नाही तेवढे स्पष्ट आणि प्रेमाने सांगावे. पैसे कमी पडले तर सोबत दवाखान्यात जावे, कागद भरून द्यावेत, रात्री जागावे. आणि तरीही काही वेळा असे होईल की "नाही" म्हणून आपण दार लावू आणि झोप येणार नाही. ती झोप न येणे चांगले आहे. ज्या दिवशी "नाही" म्हणून शांत झोप लागेल, त्या दिवशी आपला डबा त्या श्रीमंत शेतकऱ्याचे कोठार झाला असे समजावे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. तिचे लपवणे पाप आहे का? आम्ही दोघांनी पुष्कळ बोलून ठरवलेले उत्तर असे. डब्यातले पैसे तिचे नाहीत आणि तिच्या नवऱ्याचेही नाहीत. तिच्या मुलांच्या पुढच्या जून महिन्याला दिलेला तो शब्द आहे. त्या शब्दाचे ती राखण करते आहे. ज्याच्याकडून धोका आहे त्याच्यापासून राखण करणे याला आम्ही खोटेपणा म्हणणार नाही. पण असे एकटीने राखण करत जगणे फार थकवणारे आहे. त्या घरात दोष असेल तर तो डब्यात नाही. सांगितले तर पैसे उरणार नाहीत अशी भीती तिथे वाटते, त्या भीतीत दोष आहे. ती भीती घालवण्याचे काम तिच्या नवऱ्याचे आहे. म्हणून हा लेख वाचणाऱ्या पुरुषांना आम्ही विचारतो: आपल्या घरात आपल्यापासून लपवलेला डबा आहे का? असेल तर त्यावर रागावू नका. तो लपवण्याची गरज पडणार नाही असे वागायला किती दिवस लागतील, याचा हिशोब करा.

पुन्हा भेटली तेव्हा आम्ही तिला एवढेच सुचवले की पैसे ज्वारीतून काढून पोस्टात तुझ्या नावाने ठेव, म्हणजे उंदीर, चोर आणि नोटाबंदी तिन्हींची भीती नको. आणि मालकाचे मन शांत असेल अशा एखाद्या दिवशी त्याला निदान एवढे सांग की मुलांसाठी काही ठेवले आहे. गेल्या रविवारी ती पुन्हा लिंबाखाली थांबली होती. खाते उघडले म्हणाली. नवऱ्यालाही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढेच म्हणाला, "पोरीच्या फीला पुरतील का?" पुढच्या शनिवारी हप्ता मिळाल्यावर त्याने तिच्या हातात पन्नास रुपये ठेवले, त्यात टाक म्हणून.

"मग पासबुक दाखवलेस का त्याला?" आम्ही विचारले.

"किती आहेत ते सांगितले ताई," ती म्हणाली, "पासबुक कुठे आहे ते अजून नाही." या वेळी मात्र तीही हसली.

बंधुभगिनींनो, आज रविवार आहे. संध्याकाळी जेवणे झाल्यावर अर्धा तास घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. मुलांनाही बसवावे, त्यांना घरची अडचण कळली तर त्यांचे हट्ट आपोआप कमी होतात. एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: या महिन्यात काय आले, काय गेले, जूनसाठी किती लागेल, आणि दाराशी येणाऱ्यासाठी किती ठेवायचे. रक्कम दहा रुपयांची असली तरी चालेल, पण ती सर्वांसमोर ठरू द्या. आणि उद्या सकाळी चूल पेटवण्याआधी पहिली मूठ बाजूला काढा.